टेबलाला पाणी पाजलं तो ऑक्टोबर

ऑक्टोबर आवडतो असं म्हणणारी अख्ख्या नवी मुंबईत मी एकटीच असेन. बाकी सगळे घाम पुसत त्याच्या नावाने बोटं मोडत असतात. आमच्या बँकेत तर एसी नीट चालत नसला की लोक माझ्याकडेच रागाने बघतात, जणू काही ऊन मीच पाडलंय. पण मला तो महिना लागतोच. पावसाळाभर फुगून बसलेली दारं चौकटीतून सुटी होतात, हिसके देऊनही न उघडणारा ड्रॉवर एका बोटावर उघडतो, भिंतींचा ओला वास जातो. आणि मग भर दुपारी घरात कुठेतरी लाकूड वाजतं. तड! नवरा दचकतो, लेक दचकते. मी मात्र हातातलं काम तसंच ठेवून कान देते.

यंदा तो तड फोनवरूनच आला म्हणायचा. तळवलीहून दादाचा फोन होता. "अगं, जुन्या टेबलाचे पाय परत उकललेत. मिस्त्री येऊन बघून गेला. बाकीचे भरून निघतील म्हणतो, पण तो एक बदलायलाच लागेल."

"कुठला एक?" मी विचारलं. उगाचच विचारलं. कुठला ते मला माहीत होतं.

"मामाचा," दादा म्हणाला. "आणि हे बघ, मामाला काही सांगू नकोस. म्हाताऱ्याला उगाच टेन्शन."

तळवली हे माझं माहेर. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून आत वळलं की आमचं घर. आमची भातशेती गेली, गावाभोवती कंपन्या आणि इमारती उठल्या, आणि आमच्या बाबांनी, ज्यांनी जन्मात गोट्यांपलीकडे काही खेळलेलं नव्हतं, घराच्या तळमजल्यावर स्नूकरचा क्लब काढला. कुणाच्या तरी ऑफिसातलं जुनं टेबल मोडीत निघालं होतं, ते त्यांनी आणलं. हिरवं कापड, त्याच्या पोटात पत्थराची लादी, खाली कातीव कामाचे आठ जाडजूड पाय. टेम्पोतून ते उतरवताना अर्धं गाव हात लावायला आलं होतं. आई दारात उभी राहून म्हणाली होती, "लग्नाला येवरी मानसं नव्हती आली."

क्लब म्हणजे पोरांचा. घरातल्या बायकांनी त्या हॉलमध्ये जायचं नाही, असं कुणी मोठ्याने कधी सांगितलं नाही, सांगायची गरजच पडली नाही. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात एक भिंत होती. त्या भिंतीपलीकडून बॉलवर बॉल आपटल्याचा खणखणीत आवाज यायचा, हसणं यायचं, सिगरेटचा वास यायचा. मी इकडे भाकऱ्या थापायला शिकत होते आणि आवाजावरून ओळखत होते की आता बॉल गेला आणि आता हुकला. मला तो खेळ बघायचा होता. नुसता बघायचा होता हो, खेळायचं सोडूनच द्या.

मी आठवीत होते त्या वर्षी पाऊस आणि भरती एकदम आली आणि खाडीचं पाणी आमच्या हॉलमध्ये शिरलं. फार नाही, घोट्यापेक्षा थोडं वर. पण ते बरेच दिवस हटलं नाही, आणि टेबल हलवणार कोण? त्याचे आठही पाय त्या खाऱ्या पाण्यात उभे राहिले. पाणी ओसरलं, ऑक्टोबरचं ऊन आलं, बाबांनी घाईघाईने सगळ्या खिडक्या उघडल्या, पंखे लावले. तिथेच चुकलं. भिजलेलं लाकूड भराभर सुकलं आणि पायांना उभ्या भेगा गेल्या. खाडीकडच्या खिडकीपाशी होता त्या कोपऱ्यातल्या पायाची भेग तर अशी, की तिच्यात माझी करंगळी जायची.

बाबांनी क्लबला कुलूप लावलं. आणि आईने मामाला बोलावून घेतलं.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्यांचं गाव उलव्याच्या बाजूला, खाडीच्या काठाला. आता तिकडे विमानतळाची भिंत आहे. मामा मासे मारायचा आणि होड्या दुरुस्त करायचा, स्वतःची आणि आसपासच्या चार गावांचीही. पण त्या सुमाराला खाडीत मासा उरला नव्हता. जाळ्यात मासळीऐवजी तेलकट काळं पाणी नि प्लास्टिक यायचं. मामाची होडी किनाऱ्यावर उपडी पडली होती, आणि मामा तिच्या शेजारी बसून असायचा. आई म्हणाली, "लाकूड त लाकूडच ना. त्याच्या हाताला काम तरी मिलेल." बाबांना ते पटलं की नाही कोण जाणे. पण आईच्या भावाला नाही म्हणायची बाबांची छाती नव्हती.

मामा आला तो हत्यारांची पिशवी आणि भर दुपारी पाटीभर चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, घेऊन. टेबलाभोवती एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं आणि बाबांना म्हणाला, "भावोजी, आठ पाय! ही त चिंबोरीच हाय तुमची. नांग्या कोनी तोरल्या?"

बाबा पहिल्यांदा हसले. किती तरी दिवसांनी.

मामाने टेबलाखाली विटा रचल्या, लाकडी ओंडके सरकवले, पायांवरचा भार काढला. मग आडवा पडून एकेका पायावर बोटाच्या मागच्या बाजूने टकटक करून ऐकायला लागला. त्याला हाताशी कुणीतरी हवं होतं. दादाची परीक्षा होती, बाबांना धीर नव्हता. "बाय, तू ये," मामा म्हणाला. आणि मी हॉलचा उंबरा ओलांडला. एवढं सोपं होतं ते. कुणी अडवलं नाही, कारण टेबल मोडलेलं होतं आणि मोडलेल्या टेबलापाशी बाईमाणूस असलं तर कुणाचं काय जातं?

शाळा सकाळची होती. दुपारी घरी आले की दप्तर फेकायचं आणि हॉलमध्ये. टेबलावर लोंबणाऱ्या मोठ्या दिव्यांचा उजेड घरातला सगळ्यात चांगला उजेड होता, हे आईच्याही लक्षात आलं. ती तांदळाचं सूप घेऊन तिथे येऊन बसायला लागली. "येवरा उजेड नुसता वाया चाललाय," असं म्हणत खडे वेचायची. एकदा बाबांनी हिरव्या कापडावर तांदळाचे दाणे बघितले आणि कपाळावर हात मारून घेतला. पण हाकलून नाही दिलं.

मामाला दिवसभर काम पुरायचं नाही. राळ वितळायला वेळ लागतो, लाकूड घासून झालं की उसंत मिळते. मग एका दुपारी त्याने भिंतीवरची काठी काढली आणि मला म्हणाला, "कसां खेलतात गो यो खेल?" मला तरी कुठे माहीत होतं? मी भिंतीपलीकडून ऐकलेला खेळ तेवढा मला ठाऊक. मग आम्ही आमचा खेळ काढला. पांढरा बॉल म्हणजे होडी. लाल सगळ्या कोलंब्या. गुलाबी बोंबील, निळा बोय, काळी चिंबोरी. पिवळा म्हणजे जिताडा, तो सगळ्यात शेवटी, कारण जिताडा मिळाला की त्या दिवशी दुसरं काही मारायचं नसतं. होडीने जाऊन मासळी जाळ्यात घालायची आणि स्वतः बुडायचं नाही. माझ्या नवऱ्याने पुढे मला खरे नियम समजावून सांगितले तेव्हा मी त्याला म्हटलं, तुमचा खेळ फारच कोरडा आहे बुवा.

खिडकीपाशीच्या त्याच कोपऱ्याच्या खळग्याखाली लोंबणारी जाळी कुजून फाटली होती. तिथून बॉल आला की थेट फरशीवर पडायचा आणि बाबा वरच्या मजल्यावरून ओरडायचे. म्हणून मी तिथे खाली हात धरून उभी राहायची. मामा मारायचा, बॉल कडेला आदळत, डुलत डुलत यायचा, आणि माझ्या तळहातावर पडायचा. गार आणि जड. तो पडायच्या आधीचा जो क्षण आहे ना, बॉल काठावर येऊन पडू की नको करत असतो तो, तेवढ्यासाठी मी आजही काहीही द्यायला तयार आहे. पुढे मामाने त्या जाळ्या नव्याने विणल्या, दाताखाली दोरा धरून, मांडी घालून. "ही जाली कोनी विनली व्हती? हिच्यातून त येवरी मोठी शेवंड पन पलाली असती," असं वर सुनावलं.

आणि कामही चाललंच होतं. मामाला येत होतं ते काम त्याने केलं. होडीच्या फळ्यांमधल्या फटीत भरतात तसा कापूस राळेत आणि माशाच्या तेलात भिजवून त्याने भेगांमध्ये ठोकून ठोकून बसवला. सगळ्या घराला होडीचा वास यायला लागला. शेजारच्या काकू विचारून गेल्या, काय सुकत घातलंय. मग मामा म्हणाला, "आता लाकडाला तान लागलीय. पानी पाजाय पायजे." त्याने पायांना गोणपाटं गुंडाळली आणि मी लोट्याने त्यावर पाणी ओतायचं असं ठरलं. शाळेतून आल्यावर माझं काम तेच. लाकूड फुगलं, भेगा मिटत गेल्या, कापूस आत घट्ट आवळला गेला. नखसुद्धा जात नव्हतं. मामा टेबलाखालून बाहेर आला तेव्हा असा हसत होता, की त्याचे पुढचे दोन दात पडलेत हे मला तेव्हाच कळलं. बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. दसऱ्याला क्लब उघडायचा ठरलं.

दसऱ्याच्या सकाळी टेबलाला झेंडूची माळ घातली होती. विटा काढल्या होत्या, भार पायांवर आला होता. गावातली पोरं नव्या शर्टात हजर. बाबा नारळ फोडायला वाकले आणि तड झालं. नारळ अजून बाबांच्या हातातच होता.

लाकूड सुकलं होतं. सुकताना आकसायला गेलं, आणि आत ठोकून बसवलेला कापूस त्याला आकसू देईना. कोपऱ्यातला पाय आधीच्या दुप्पट उकलला. मामा पुढे गेला, भेगेवर हात ठेवला आणि तसाच बसून राहिला. मग बाबांकडे न बघता म्हणाला, "चुकलं, भावोजी. होडी परत पान्यात जाते. यो कवा जायचा?"

आज इतक्या वर्षांनी मला वाटतं, तो टेबलाबद्दल बोलतच नव्हता. त्याची होडी तिकडे किनाऱ्यावर सुकत पडली होती, आणि ती परत पाण्यात जाणार नाही हे त्याला त्या हॉलमध्ये कळलं.

बाबा माझे तापट. पण त्यांनी नारळ खाली ठेवला आणि म्हणाले, "मग आता काय करायचं ते सांग. पाहुण्यासारखा बसू नकोस." असं म्हणायला मन लागतं हो. मामाने डोळे पुसले, गावी गेला आणि होडीवरची दोरी घेऊन आला. नांगराची, जाडी, खाऱ्या पाण्याने काळी पडलेली. ती दोरी त्याने त्या पायाला वरपासून खालपर्यंत आवळून गुंडाळली, फेऱ्याला फेरा लावून, मध्ये सुई जाणार नाही अशी. त्यात आणखी काही दिवस गेले, आणि ते सगळे दिवस माझे होते. दिवाळीला क्लब उघडला. आदल्या दिवशी बाबा मला म्हणाले, "आता आत येत जाऊ नकोस हां, बाय. पोरं असतात." प्रेमानेच म्हणाले. मी हो म्हटलं आणि भिंतीच्या अलीकडे आले.

दोरीचा पाय टिकला. पण भाराने जरासा दबला, आणि त्या टेबलावर कुठूनही हळू सोडलेला बॉल शेवटी त्याच कोपऱ्याकडे ओढ घ्यायला लागला. बाहेरची पोरं चिडायची, गावातली त्याचाच फायदा घ्यायची. पलीकडून ओरडा ऐकू यायचा, "गेला, गेला, मामाच्या कोपऱ्यात गेला!" मी पोळी तव्यावर टाकून ऐकत राहायची. बाबांनी तो कोपरा शेवटपर्यंत कुणाला दुरुस्त करू दिला नाही. मामा माघारी गेला आणि त्याने पुन्हा कुठल्याच लाकडाला हात लावला नाही. होडी पुढे कुणीतरी सरपणाला नेली.

आता बाबा नाहीत. आईही नाही. क्लब दादा बघतो, दोन नवी टेबलं आलीत, जुनं होतं तिथेच झाकून ठेवलेलं. ते परत उभं करायचं त्याने मनावर घेतलंय, ही चांगलीच गोष्ट. पण दोरीचा पाय मामाला न सांगता कापून टाकायचा, हे माझ्या गळी उतरेना. एका रविवारी उठले आणि कामोठ्याला गेले.

मामा तिथे मुलाकडे असतो, सातव्या मजल्यावर. गॅलरीत खुर्ची टाकून बसला होता. समोर दुसरी सोसायटी, तिच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे. चहा झाला, तब्येतीचं झालं, आणि मी टेबलाचं सांगायला लागले. मामा ऐकून घेत होता. मग म्हणाला, "ती रशी हाय अजून?"

"आहे ना."

"मना वाटलं, कवाच फेकली असंल." तो खुर्चीत सरळ झाला. "मिस्त्रीला सांग, कापू नको. मी येतो. मी बांधली, मीच सोडीन."

दादा फोनवर माझ्यावर वैतागला, "तुला सांगितलं होतं ना!" पण गाडी घेऊन आला तोच. मामाला हाताला धरून हॉलमध्ये आणलं, खाली चटई टाकली. मिस्त्री बाजूला उभा राहिला. "आरामात, चाचा. घाई नाय," म्हणाला. टेबल जॅकवर उचललेलं होतं. मामाची बोटं वाकडी झालीत, गाठ सापडायलाच वेळ लागला. दादा कटर घेऊन पुढे झाला, मी त्याच्याकडे एकच नजर टाकली. गाठ सुटली. मग फेऱ्यामागून फेरा उलगडत गेला, आणि दोरीखालचं लाकूड दिसायला लागलं. बाकीचे पाय उन्हाने, धुराने काळवंडलेत. हा दोरीच्या आत त्या वर्षीच्या रंगाचा राहिला होता, लालसर, पॉलिश चकचकीत. आणि वास आला. राळेचा, माशाच्या तेलाचा, ओल्या गोणपाटाचा. मी तिथेच खाली बसले. दादाने नाकाला रुमाल लावला. मामाने दोरीचा गुंडा उचलून तोंडाशी धरला आणि डोळे मिटले.

"खाडी," तो म्हणाला.

पाय निघाला, नवा सागवानी पाय बसला. इतर भेगाही मिस्त्रीने आधीच भरून घेतल्या होत्या. जॅक उतरवला, लादीवर लेव्हल ठेवली, पायांखाली पातळ पट्ट्या सरकवून सगळं जुळवलं. काम चोख होतं. मग त्याने खात्रीसाठी पांढरा बॉल टेबलाच्या मधोमध ठेवला आणि हात काढून घेतला.

बॉल जागचा हलला नाही.

"एकदम परफेक्ट," मिस्त्री म्हणाला. दादाने मान हलवली. मी मात्र वाट बघत होते. वेड्यासारखी वाट बघत होते, की आता सरकेल, आता ओढ घेईल. मामाही बघत होता. काखेत दोरीचा गुंडा, नजर बॉलवर. मला वाटलं, आता रडणार. उगाच आणलं मी ह्याला.

"बरां झालं," मामा म्हणाला. "टेबल आता टेबल झालं." मग माझ्याकडे वळला. "बाय, तू तिथं उभी राह्याची ना?"

मी गेले. खिडकीपाशी, कोपऱ्यात. खिडकीतून आता खाडी दिसत नाही, समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. मामा टेबलावर वाकला. काठी घेतली नाही. वाकड्या बोटाने त्याने बॉल हळूच पुढे ढकलला, होडी पाण्यात लोटतात तसा, आणि म्हणाला, "आता लोटाय लागते."

बॉल निघाला. हिरव्या कापडावरून सावकाश, कुठेही न वळता. कोपऱ्याच्या खळग्याखाली नवी नायलॉनची जाळी होती, घट्ट, दुकानातून आणलेली. तरी मी तिच्याखाली हात धरला.